रशियातील धर्मविद्यालये व त्यांतून बाहेर पडलेली माणसे



आमचा जन्म कामगारांच्या संघटनेत गेला. शाळा आम्ही लहानपणीच सोडली. पुढे जे काही वाचले, ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत रात्री दिवा लावून वाचले. असा मनुष्य धर्मविद्यालयांच्या इतिहासावर बोलायला उभा राहतो, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पण हा विषय आम्ही निवडला त्याला कारण आहे. संघटनेच्या कामात एक प्रश्न आमच्यापुढे रोज उभा राहतो : माणूस समाधानी आहे की नाही, हे ओळखावे कसे? मालक म्हणतो, ‘कोणी तक्रार करीत नाही, त्या अर्थी सगळे सुखी आहेत.’ आम्ही म्हणतो, ‘ज्याचा हात दगडाखाली सापडला आहे, तो ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही असे कसे धरता?’

हाच प्रश्न विद्यालयांनाही विचारता येतो. अलीकडे शिक्षणसंस्था आपल्या पदवीधरांकडून छापील प्रश्नावली भरून घेतात. शिक्षणाने समाधान झाले का, शिक्षक कसे होते, शिकलेले उपयोगी पडले का, असे त्यांत विचारलेले असते. झारच्या रशियातील धर्मविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना असे कधी विचारले नाही. तरीही उत्तरे आलीच. ती पुस्तकांतून आली, आठवणींतून आली आणि शेवटी संपांतून आली. सुमारे शंभर वर्षांतली ती उत्तरे आज आपणांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम ही विद्यालये म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ख्रिस्ती धर्माच्या पूर्वेकडील शाखेला ऑर्थोडॉक्स पंथ म्हणतात. रशिया हे त्या पंथाचे सर्वांत मोठे राष्ट्र. या पंथात गावचा धर्मगुरू संसारी असतो, मात्र लग्न दीक्षेपूर्वी उरकावे लागते. बिशप मात्र संन्याशांतून निवडतात. १७२१ साली पीटर दि ग्रेटने चर्चसाठी नवी नियमावली काढली आणि प्रत्येक बिशपाने आपल्या प्रांतात धर्मगुरूंच्या मुलांसाठी शाळा काढावी असे फर्मावले. या शाळा म्हणजे सेमिनऱ्या. त्यांत मुलगा आपण होऊन येत नसे. तो धर्मगुरूच्या किंवा देवळातल्या सेवकाच्या पोटी जन्मला म्हणून येई. न आला तर सैन्यभरतीची किंवा करदात्या रयतेत ढकलले जाण्याची भीती असे. भिक्षुकाच्या मुलाने भिक्षुकीच करावी, हा दंडक आपल्याला नवा नाही. रशियात त्याला सरकारी शिक्का होता, एवढेच.

या शाळांत अठराव्या शतकात बहुतेक शिक्षण लॅटिनमधून होई. ज्या पंथाची उपासना जुन्या स्लाव भाषेत आणि ज्याचे मूळ ग्रंथ ग्रीक भाषेत, त्याच्या उपदेशकाने लॅटिन घोकायचे! पण या घोकंपट्टीतूनही माणसे वर आली हे कबूल केले पाहिजे. मिखाइल स्पेरान्स्की हा व्लादिमीर प्रांतातील एका खेडेगावच्या धर्मगुरूचा मुलगा. जन्म १७७२. त्याच्या घराला आडनाव नव्हते. सेमिनरीत नाव घालताना त्याला हे आडनाव मिळाले आणि ते आले लॅटिनमधल्या ‘आशा करणे’ या क्रियापदावरून. शाळेनेच ज्याचे नाव ‘आशावंत’ ठेवले, तो पुढे झार पहिला अलेक्झांडर याचा उजवा हात झाला. रशियाचे विखुरलेले कायदे गोळा करून त्यांची १५ खंडांची संहिता सिद्ध करण्याचे काम पुढच्या झारच्या अमदानीत त्याच्याच देखरेखीखाली झाले.

स्पेरान्स्की आपल्या शाळेला विसरला नाही. १८०८ साली धर्मविद्यालयांची नवी घडी बसविण्यात आली, तीत त्याचा मोठा हात होता. खाली प्राथमिक शाळा, त्यांवर जिल्ह्याच्या शाळा, त्यांवर सेमिनऱ्या आणि सर्वांच्या वर उच्च धर्मविद्येची महाविद्यालये अशी उतरंड रचली. पैशाची सोयही मोठी युक्तीची होती. देवळात लावायच्या मेणबत्त्या विकण्याचा हक्क देवळांकडे ठेवायचा आणि ते उत्पन्न शाळांच्या निधीत टाकायचे. म्हणजे गरीब शेतकऱ्याची बायको देवापुढे जी मेणबत्ती लावी, तिच्या पैशावर या शाळा चालणार होत्या.

कागदावर सगळे चोख होते. आत काय चालले होते ते कळायला पन्नास वर्षे लागली, आणि ते सांगितले कोणा तपासनिसाने नव्हे, तर तिथूनच शिकून बाहेर पडलेल्या दोघांनी.

पहिला इव्हान बेल्युस्तिन. हा त्वेर प्रांतातल्या कल्याझिन गावचा साधा धर्मगुरू. इतिहासकार पोगोदिन याच्या सांगण्यावरून त्याने खेड्यातील धर्मगुरूंच्या स्थितीवर एक टिपण लिहिले. ते १८५८ साली रशियाबाहेर, लाइपझिगला, लेखकाचे नाव न घालता छापले गेले आणि चोरून रशियात आले. त्यातला मजकूर आम्हांला परका वाटला नाही. लहान पोरे आईबापांपासून तोडून शहरात कोंदट खोल्यांत ठेवली जात. शिक्षकांचे हात ओले केल्याखेरीज पोर वरच्या वर्गात जाणे कठीण. मार तर नित्याचा. एवढे सोसून जी विद्या मिळे, ती खेड्यात गेल्यावर निरुपयोगी. तेथे धर्मगुरूला स्वतः नांगर धरावा लागे. बारसे, लग्न, मर्तिक यांच्या दक्षिणेसाठी त्याच शेतकऱ्यांपुढे हात पसरावा लागे आणि घासाघीस करावी लागे. जो उपदेश करणार, तोच उधारीने मान खाली घालून उभा!

नोकरीची गोष्ट तर आणखी वेगळी. गावचा धर्मगुरू वारला म्हणजे त्याच्या विधवेचे आणि मुलींचे काय, हा प्रश्न येई. त्यावर तोड अशी की, जो नवा पदवीधर त्या मुलीशी लग्न करील, त्याला ती जागा मिळावी. लग्न दीक्षेपूर्वीच व्हायला हवे, जागेशिवाय पोट भरत नाही आणि जागा मुलीबरोबर येते. अशा पदवीधराला ‘तू समाधानी आहेस काय’ असे विचारून काय उपयोग? तो ‘होय’ म्हणेल. न म्हणून जाईल कोठे?

बेल्युस्तिनचे पुस्तक निघताच चर्चचे वरिष्ठ खवळले. त्याला दूरच्या मठात डांबण्याची भाषा सुरू झाली. तो वाचला तो झार दुसरा अलेक्झांडर याची मर्जी आड आली म्हणून. पुस्तकात लिहिलेले खरे की खोटे याची चौकशी करण्याआधी ते लिहिले कोणी याची चौकशी झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा निकोलाय पोम्यालोव्स्की. हा पीटर्सबर्गमधल्या एका डीकनचा मुलगा. त्याने तिथल्याच धर्मशाळेत आणि सेमिनरीत वर्षे काढली आणि १८५७ साली शिक्षण पुरे केले. धर्मशाळेच्या वसतिगृहाला रशियन भाषेत ‘बुर्सा’ म्हणत. त्या बुर्सेची शब्दचित्रे त्याने १८६२-६३ मध्ये प्रसिद्ध केली. थंडी, उपासमार, उवा, वेताचा मार आणि मोठ्या मुलांची लहानांवरची सावकारी असे सगळे त्यांत आहे. भुकेला पोर आज पावाचा तुकडा उसना घेतो आणि उद्या दुपटीने फेडतो! स्वतः पोम्यालोव्स्कीला चारशे वेळा फटके बसल्याचे त्याचे चरित्रकार सांगतात. शाळेत लागलेल्या दारूने त्याचा घात केला आणि १८६३ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो गेला. शाळेविषयीचे त्याचे मत त्याच्या आयुष्यावरच लिहिलेले होते.

याच सुमारास सेमिनरीच्या वाटेने आलेली आणखी दोन नावे रशियाभर गाजली : सारातोवचा चेर्निशेव्स्की आणि निझ्नी नोव्हगोरोदचा दोब्रोल्युबोव. दोघेही धर्मगुरूंचे पुत्र. दोघेही सेमिनरी सोडून पीटर्सबर्गला गेले आणि झारशाहीचे कडवे टीकाकार झाले.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ‘ठीक आहे, या शाळा वाईटच होत्या. विषय संपला.’ पण इतिहास इतका सोपा नसतो. याच काळातला एक समाधानी विद्यार्थी आम्ही आता उभा करतो. त्याची साक्ष हलकी नाही, कारण त्याचे नाव इव्हान पाव्लोव.

कुत्र्यांवर प्रयोग करणारा आणि १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळविणारा हा शास्त्रज्ञ आपणां सर्वांना ठाऊक आहे. तो १८४९ साली र्‍याझान शहरात एका धर्मगुरूच्या घरी जन्मला आणि तिथल्या सेमिनरीत शिकला. पुढे मोठेपणी लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात त्याने आपल्या सेमिनरीचे कृतज्ञतेने स्मरण केले आहे. चांगले शिक्षक लाभले, असे तो म्हणतो. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्या काळच्या सेमिनरीत ज्याला ज्या विषयाची ओढ, त्याला त्या विषयामागे जाण्याची मोकळीक होती. एका विषयात कच्चा असलेला मुलगा दुसऱ्या विषयात चमकला, तर त्याला कोणी छळीत नसे, उलट कौतुक होई. सरकारी विद्यालयांत ही मोकळीक नव्हती, असेही त्याने बजावून ठेवले आहे.

मग पोम्यालोव्स्की खोटा की पाव्लोव? दोघेही खरे. मधल्या दहा वर्षांत फरक पडला होता. १८६१ साली भूदास मुक्त झाले. १८६३ साली सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची दारे उघडली. १८६७ साली धर्मविद्यालयांची नवी नियमावली आली आणि शिक्षकांना कारभारात आवाज मिळाला. त्याच साली धर्मगुरूची जागा वारसाहक्काने किंवा मुलीबरोबर देण्याची चाल कायद्याने बंद झाली. १८६९ साली धर्मगुरूंच्या मुलांना जातीच्या बेडीतून मोकळे केले. र्‍याझानच्या वाचनालयात पाव्लोव आणि त्याचे सोबती सेचेनोवचे मेंदूवरचे पुस्तक आणि पिसारेवचे लेख वाचीत. १८७० साली शेवटचा वर्ग न करताच तो विद्यापीठात गेला आणि कोणी त्याला अडविले नाही. इतिहासकार क्लुचेव्स्की पेंझाच्या सेमिनरीतून मॉस्को विद्यापीठात आला. बिनतारी संदेशाच्या शोधकांत ज्याची गणना होते, तो अलेक्झांडर पोपोव पेर्मच्या सेमिनरीतून १८७७ साली पीटर्सबर्गच्या विद्यापीठात आला.

आमच्या मते सारे मर्म इथे आहे. धर्म तोच होता, बायबल तेच होते, विद्यार्थीही त्याच धर्मगुरूंच्या घरचे. बदलले ते एवढेच की, बाहेरचे दार उघडे होते. ज्याला जाता येते, तो राहिला तर मनाने राहतो आणि गेला तर दुवा देऊन जातो.

पण हे दार फार दिवस उघडे राहिले नाही. हुशार मुले विद्यापीठाकडे वळू लागली, खेड्यांत शिकलेले धर्मगुरू मिळेनात. आता अशा वेळी शहाणा कारभारी काय करील? माणसे का जातात ते पाहील, धर्मगुरूला पगार देईल, त्याचा मान राखील. रशियन सरकारने दाराला कुलूप घातले. १८७९ साली सेमिनरीतून विद्यापीठात जाण्याची वाट जवळजवळ बंद केली. १८८० पासून चर्चच्या कारभारावर झारचा प्रतिनिधी म्हणून पोबेदोनोस्त्सेव बसला, तो पुढची पंचवीस वर्षे हलला नाही. १८८४ च्या नव्या नियमावलीने शिक्षकांचा आवाज काढून घेतला आणि देखरेख वाढविली.

या धोरणाचे फळ कसे आले, ते जॉर्जियात, तिफ्लिसच्या सेमिनरीत पाहावे. रशियाने जॉर्जिया गिळल्यावर १८११ साली तिथल्या प्राचीन चर्चचे स्वातंत्र्यही काढून घेतले होते. सेमिनरीत शिक्षण रशियन भाषेतून होई आणि जॉर्जियन मुलांच्या मातृभाषेला मानाचे स्थान नव्हते. १८८६ साली तिथल्या रेक्टराचा एका काढून टाकलेल्या विद्यार्थ्याने खून केला. खुनाचे समर्थन आम्ही करणार नाही. पण खून झाल्यावरही मुलांचे म्हणणे काय आहे ते कोणी विचारले नाही, पहारा मात्र वाढला.

डिसेंबर १८९३ मध्ये तिथे संप झाला. मागण्या पाहा. जॉर्जियन भाषा शिकविण्याची सोय करा, आम्हांला माणुसकीने वागवा, अमुक अमुक अधिकाऱ्यांना काढा. आम्ही अशी कितीतरी निवेदने लिहिली आहेत. एक मागणी भाषेची, एक मानाची, एक जाचक मुकादमाविरुद्धची. जगात कोठेही संप झाला तरी निवेदनाचे स्वरूप असेच असते. उत्तर मिळाले ते असे : सेमिनरी काही काळ बंद आणि ८७ विद्यार्थी बडतर्फ.

दुसऱ्या वर्षी, १८९४ साली, त्या सेमिनरीत गोरी गावचा एक मुलगा दाखल झाला. बाप चांभार, तिफ्लिसच्या आदेलखानोव यांच्या जोड्यांच्या कारखान्यात राबलेला. आईची इच्छा की पोराने धर्मगुरू व्हावे. या मुलाचे नाव योसिफ जुगाश्विली. पुढे जगाने त्याला स्तालिन म्हणून ओळखले. वाचनालयातून आणलेली व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी त्याच्यापाशी सापडली म्हणून १८९६ साली त्याला कोठडीची शिक्षा झाली. १८९९ साली तो परीक्षेला बसला नाही आणि त्याचे नाव कमी केले गेले. १९३१ साली एमिल लुडविग या जर्मन लेखकाने त्याला विचारले की, आपण क्रांतिकारक कशामुळे झालात? तेव्हा त्याने सेमिनरीतल्या जाचाकडे आणि हेरगिरीकडे बोट दाखविले. मुले चहाला गेली की मागे त्यांच्या सामानाची झडती होई, ही गोष्ट तीस वर्षांनंतरही तो विसरला नव्हता.

तो एकटाच नव्हता. झोर्दानिया, माखाराद्झे, त्स्खाकाया, जिब्लाद्झे, पुढे परस्परांचे वैरी झालेले हे जॉर्जियाचे पुढारी त्याच सेमिनरीचे विद्यार्थी. झारसाठी निष्ठावंत धर्मगुरू घडविण्याचा जो कारखाना काढला, त्यातून झारशाही उलथणाऱ्यांचा तांडा बाहेर पडला!

१९०५ साली तर रशियाभर सेमिनऱ्यांतून संप झाले. आणि त्याच साली एक विलक्षण गोष्ट घडली. चर्चमध्ये सुधारणा हव्यात की नकोत, असा प्रश्न पोबेदोनोस्त्सेवने सर्व बिशपांना लेखी पाठविला. त्याचा होरा असा की, बिशप मंडळी ‘नको’ म्हणतील. पण उत्तरे आली ती सुधारणा मागणारी. पुष्कळांनी लिहिले की, सेमिनरीचे शिक्षण बिघडले आहे. धर्मगुरूंच्या मुलांना सामान्य शिक्षण वेगळे द्यावे, आणि ज्याला खरोखर धर्मगुरू व्हायचे आहे त्यालाच पुढे धर्मविद्या शिकवावी, असेही अनेकांनी सुचविले. हे बिशप कोण? याच शाळांचे सर्वांत यशस्वी पदवीधर! ज्यांना तिथून सर्व काही मिळाले, तेही आतून असमाधानी होते. फक्त त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते. विचारले तेव्हा बारा वर्षे उशीर झाला होता. पुढच्या बारा वर्षांत झारशाही गेली आणि मग या शाळाही बंद पडल्या.

असमाधानाचे फळ नेहमी बंडच असते असेही नाही. सेर्गेई बुल्गाकोव हा लिव्नी गावच्या धर्मगुरूचा मुलगा. ओर्योलच्या सेमिनरीत त्याची श्रद्धा उडाली. ती शाळा सोडून तो मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ झाला. पुढे विचार करीत करीत परत श्रद्धेकडे आला, १९१८ साली त्याने दीक्षा घेतली आणि १९२२ च्या अखेरीस देशाबाहेर काढला गेला. १९२५ साली पॅरिसला हद्दपार रशियनांनी संत सेर्गियसच्या नावाने एक धर्मविद्यालय उघडले. त्याचे प्रमुख आधार बिशप एव्लोगी हे तुला शहराच्या सेमिनरीचे विद्यार्थी. आपल्या सेमिनरीतल्या रुक्ष आणि उदास वातावरणाची खंत त्यांनी आठवणींत नमूद केली आहे. त्या नव्या विद्यालयात बुल्गाकोव मरेपर्यंत, म्हणजे १९४४ पर्यंत, शिकवीत होता. तिथे विद्यार्थी येत ते स्वतःच्या इच्छेने. खोल्या थंड होत्या, अन्न बेताचे होते. तरी तिथून जगात नाव घेतले जाईल असे धर्मपंडित निघाले. मुलांचे समाधान केवळ भरल्या ताटावर अवलंबून नसते, हे या शाळेने दाखविले. मात्र गरिबी सोसणारा ती स्वतः पत्करतो की त्याच्यावर लादली जाते, यात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

शेवटी पुन्हा पाव्लोव आणि स्तालिन या दोघांकडे येतो. सत्ता बदलल्यावर नव्या राजवटीने धर्मगुरूंच्या मुलांना उच्च शिक्षणातून हुसकून लावले. १९२४-२५ च्या सुमारास लेनिनग्राडच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून अशा मुलांना काढले, तेव्हा पाव्लोवने तिथली आपली प्राध्यापकी सोडली. आपणही धर्मगुरूचाच मुलगा आहोत, असे त्याने जाहीरपणे सांगितले. स्वतः तो श्रद्धाळू राहिला नव्हता. पण ज्या घराने आणि शाळेने त्याला मोकळे वाढू दिले, त्यांचे ऋण त्याने भर संकटात फेडले.

आणि दुसऱ्याने काय केले? ज्याच्या सामानाच्या झडतीचा सल तीस वर्षे टिकला, त्याने देशभर झडत्या सुरू केल्या. ज्याला कादंबरी वाचली म्हणून कोठडी मिळाली, त्याच्या राज्यात लिहिल्यावाचल्यापायी माणसे छावण्यांत गेली. तक्रार खरी असली म्हणजे तक्रार करणारा थोर ठरतो असे नाही, हे आम्ही कामगारांतल्या माणसांनी विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. जाच सोसलेला माणूस कधी जाच मोडायला शिकतो, कधी जाच करायला शिकतो. तो काय शिकेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणूनच मुळात जाच न करणे हाच एक भरवशाचा उपाय.

शाळा असो वा गिरणी, आतल्या माणसाचे समाधान मोजायचे असेल तर आमचे तीन प्रश्न आहेत. तो आपल्या इच्छेने आला आहे काय? त्याला जायचे असेल तर दार उघडे आहे काय? आणि त्याने तक्रार केली तर तिचे उत्तर मिळते की शिक्षा? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नीट असतील, तर प्रश्नावली छापण्याचा खर्चही वाचेल. ती नीट नसतील, तर प्रश्नावलीत कितीही ‘समाधानी’ लिहून आले तरी त्यावर विसंबू नये.

आपणांपैकी बहुतेकांची मुलेमुली आज कोठल्या ना कोठल्या विद्यालयात शिकत आहेत. त्यांचे गुणपत्रक आपण दरवर्षी पाहता. कधी तरी त्यांना जवळ बसवून हे तीन प्रश्नही विचारावेत आणि मिळेल ते उत्तर रागावल्यावाचून ऐकावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.